पेढ्याला नाही म्हणू नये

पहिलं मूल जन्माला आलं तेव्हा सुईण म्हणाली, "पैलवान हाय." पैलवान रडलाच नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो, वेळेवर दवाखाना गाठला. तिथेही तेच. भरल्या अंगाचा थोराड मुलगा, पोटातच गेलेला. दोन्ही वेळा मला मूल दाखवलं नाही. बाळंतिणीनं बघू नये म्हणतात. मी आपली भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि भेटायला आलेल्या बायका माझ्या पाठीमागे बोलत राहिल्या. केवढं मोठं होतं, चार महिन्यांचं वाटत होतं, कुणाची दृष्ट लागली कुणास ठाऊक. मेलेल्या मुलाच्या वजनाचं कौतुक करणाऱ्या माणसांना काय म्हणावं? मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

ही सत्तरनंतरची गोष्ट. सासरचं घर कासारवाडीतलं, जुनं. शेत कंपनीच्या कुंपणात गेलं आणि त्याच कंपनीत आमच्या ह्यांना लेथवर नोकरी लागली. मी साताऱ्याकडची, सातवी पास, तोंडाची फटकळ. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्या मुळातच कमी बोलायच्या, दोन मुलं गेल्यावर तर घरात असून नसल्यासारख्या झाल्या. मला वाटायचं, माझ्यावर राग धरलाय. विचारायची छाती मात्र झाली नाही. एरवी कुणालाही चार शब्द सुनावणारी मी, पण आत्यांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आनंद कुणालाच झाला नाही. ह्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करायचं?" नगरपालिका तेव्हा नवी होती आणि तिच्या दवाखान्यात पुण्याहून एक बाई डॉक्टर यायला लागल्या होत्या. मी तिथे नाव घातलं. या डॉक्टर तरुण होत्या, कायम घाईत, बसच्या वेळेवर डोळा ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी आधीच्या दोन मुलांची वजनं विचारली. पहिल्याचं अंदाजानं, दुसऱ्याचं दवाखान्यातलं, अशी मी सांगितली. एवढ्या दिवसांत ती वजनं ऐकून "बाप रे, केवढं" न म्हणणारं हे पहिलं माणूस. त्या लिहायच्या थांबल्या. तुझ्या आईवडिलांपैकी कुणाला साखरेचा आजार होता का, म्हणाल्या. मी म्हटलं, वडिलांच्या पायाची जखम भरत नव्हती, त्यातच गेले, आजाराचं नाव कुणी सांगितलं नाही.

लघवी तपासायची म्हणजे तेव्हा काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त. माझं हिरवं झालं, पिवळं झालं आणि सरळ विटेसारखं लाल होऊन बसलं. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणी नुसत्या लघवीवर विसंबायचं नाही, रक्त बघू. मग एके दिवशी मला उपाशीपोटी बोलावलं, ग्लासभर गोडमिट्ट पाणी पाजलं आणि दुपारपर्यंत थोड्या थोड्या वेळानं दंडातून रक्त काढत राहिले. मी ओकायच्या बेताला आले होते, पण ओकशील तर उद्या पुन्हा यावं लागेल असा दम मिळाल्यावर गिळून बसले.

रक्तातही साखर निघाली. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "तुझ्या रक्तातली जास्तीची साखर पोटातल्या मुलाला जाते. त्यावर ते फुगतं. दिसायला भरलेलं, पण आतून थकलेलं असतं. शेवटच्या महिन्यात कधीतरी दगावतं. आधीची दोन बहुतेक अशीच गेली." दृष्ट नाही, पाप नाही, माझी पायरी चुकली नाही, कुणाच्या उताऱ्यावरून मी गेले नाही. मी तिथेच रडायला लागले. दुःखानं नव्हे, रागानं. दोन मुलं पुरल्यावर कुणीतरी धड कारण सांगत होतं.

घरी येऊन सांगितलं तर आत्या म्हणाल्या, "साखरेचा आजार शेटजीला व्हतो. आपुन बाजरीची भाकर खानारी मानसं. रेशनची साखर पाव्हण्याच्या च्याला पुरत न्हाई, तर तुला कुठनं झाली?" मलाही तेच वाटत होतं.

पण डॉक्टरांनी सांगितलं ते मी केलं. साखर बंद, गूळ बंद, केळी बंद, भात मूठभर. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन, ते घ्यायला दवाखान्यात जायचं. आठवा लागला तशा डॉक्टर म्हणाल्या, "आता घरी नाही. बाळंत होईपर्यंत इथेच राहायचं. या वेळी मूल जिवंत बाहेर काढायचं असेल तर शेवटचे आठवडे माझ्या डोळ्यांसमोर हवीस." मी पिशवी घेऊन बायकांच्या वॉर्डात जाऊन राहिले.

बाळंतिणी येत, दोन-चार दिवसांनी मूल घेऊन जात. मी तिथेच. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या, चाकणकडच्या, मावळातल्या, सगळ्यांचे नवरे नाहीतर दीर कुठल्या ना कुठल्या कंपनीत. भोंगा झाला की अर्ध्या तासात वॉर्डाच्या दारात पुरुष हजर, अंगाला ऑइलचा वास आणि हातात पेढ्यांचा पुडा. मुलगी असेल तर बर्फी. आणि त्या वॉर्डात एक रीत होती. पेढा प्रत्येक कॉटवर जायचा, आणि ज्या अजून बाळंत व्हायच्या त्यांना सगळ्यांत आधी. बाळाची आजी किंवा आत्या स्वतः येऊन हातावर ठेवायची आणि म्हणायची, "तुझंही असंच होऊ दे." पेढ्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की त्या बाळाला नाट लागतो.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लातूरकडच्या एका बाईला मुलगा झाला आणि तिची आई पेढा घेऊन आली, तर मी सरळ म्हटलं, "मावशी, मला नको, मला साखर आहे." त्या बाईचा चेहराच पडला. तिनं पेढा परत पुड्यात ठेवला. दोन दिवसांनी ते बाळ पिवळं पडलं. पिवळी बरीच बाळं पडतात, ते बरंही झालं, पण तोवर वॉर्डभर झालं होतं की त्या कोपऱ्यातलीनं पेढा नाकारला. आणि ती कोपऱ्यातली कोण? जिची दोन गेलीत ती. बायका पाळण्यावरचं दुपटं माझ्या बाजूनं ओढून घ्यायला लागल्या. मी संडासाला निघाले की वाटेतली बाई बाळाला पदराखाली घ्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, एकेकीला उभं करून विचारावं. पण त्यांच्यातच राहायचं होतं, त्यांच्याच नळावर पाणी भरायचं होतं.

म्हणून पुढचा पेढा आला तेव्हा मी घेतला आणि देणारीच्या समोर खाल्ला. त्याच्या पुढचाही. त्या आठवड्यात वॉर्डात मुलगेच मुलगे झाले.

माझी लघवी वॉर्डातच, सिस्टरच्या टेबलावर उकळायचे. सगळ्यांना रंग दिसायचा. इतके दिवस हिरव्यावर आलेली नळी पुन्हा नारिंगी झाली. इन्शुलिन वाढवलं, तरी नारिंगी. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि सगळ्या वॉर्डासमोर मला झाडलं, "बाई, तुला मूल हवंय का नको? काय खातेस तू चोरून?" मी म्हटलं, "चोरून नाही खात, सगळ्यांच्या देखत खाते." आणि पेढ्यांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "हे असलं काही मला सांगू नकोस. एक पेढाही पोटात गेला नाही पाहिजे." त्यांना काय जातंय म्हणायला? त्या संध्याकाळच्या बसनं पुण्याला जाणार. वॉर्डात मी राहणार.

मग मी मधली वाट काढली. पेढा घ्यायचा, कपाळाला लावायचा, तोंडाजवळ नेऊन पदरात सोडायचा. नंतर पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि हे भेटायला आले की त्यांच्याकडे द्यायचा. हे कंपनीत न्यायचे आणि चहाच्या सुट्टीत वाटून टाकायचे. झालं असं की तिथल्या लोकांना वाटलं, ह्यांना मुलगा झाला. लोक येऊन पाठ थोपटायला लागले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेढे, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकजण म्हणाला, "राव, किती झालीत तुला?" हे इतके साधे की त्यांना पटकन खोटंही सुचेना आणि खरंही सांगवेना. मला येऊन सांगत होते तर आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो होतो. हसून झाल्यावर ते म्हणाले, "पण मला आता लाज वाटायला लागलीय गं. अजून कशात काही नाही, आणि लोक हात मिळवतात."

त्यातच त्यांच्या खात्यात ओव्हरटाइम लागला. ते चार-पाच दिवस आलेच नाहीत आणि डबा भरत गेला.

त्या सुमारास माझ्या शेजारच्या कॉटवर चाकणकडची एक बाई आली होती. कांद्याच्या शेतावर राबणारी, तीन मुलींची आई. तिला मुलगा झाला. मी ज्या वॉर्डात कुणाला नको होते तिथे हीच एक माझ्याशी बोलायची. तिच्या सासूनं, चांगल्या दांडग्या म्हातारीनं, खेडच्या बाजारातून मुद्दाम मोठे पेढे आणवले होते, वर पिस्त्याचा काप लावलेले. तसा पेढा वॉर्डात दुसऱ्या कुणी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कॉटच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग चढली, आणि तिथून शेजारच्या पाळण्यात. बाळ किंचाळून उठलं. चाकणचीनं त्याला उचलून झटकलं, रांग कुठून येते ते बघत वाकली आणि माझ्या कॉटखालचा डबा ओढून काढला. झाकण काढलं तर आत पंधरा-वीस पेढे, काही वाळलेले, काही बुरसटलेले, आणि सगळ्यांत वर पिस्त्याचा काप लावलेला तिचा.

ती ओरडली नाही. तिनं सासूला डबा दाखवला. ओरडल्या त्या बाकीच्या. ज्याच्या त्याच्या पोराचा पेढा हिनं सांभाळून ठेवलाय. कशाला ठेवलाय? करणी करायला, दुसरं कशाला? हिचं जगत नाही म्हणून आमच्यावर. लातूरकडचीच्या कुणा नातेवाईक बाईनं लगेच पिवळ्या पडलेल्या बाळाची आठवण काढली. हिला इथून हलवा म्हणून सिस्टरच्या मागे लागल्या. सिस्टर म्हणाली, हलवू कुठे, दुसरा वॉर्ड पुरुषांचा आहे.

मी कॉटवरून उतरले. पोट एवढं पुढे आलेलं, पाय सुजलेले. मला माझ्या अब्रूचं काही वाटत नव्हतं. मला भीती एकच होती की यांनी मला घरी धाडलं तर पोटातलंही जाईल. मी म्हटलं, "बसा सगळ्या. मला बोलू द्या, मग काय करायचं ते करा."

आणि मी त्या चाकणच्या म्हातारीकडे बघून बोलले, कारण तिथे तीच वयानं मोठी होती. "आजी, माझी दोन गेली. मला साखरेचा आजार आहे, त्यानं गेली. डॉक्टर म्हणतात, तुमचा पेढा खाल्ला तर हे तिसरंही जाईल. तुम्ही म्हणता, नाही खाल्ला तर तुमचं जाईल. मग मी काय करायचं ते तुम्हीच सांगा. मला माझंही हवंय आणि तुमचंही जगायला हवंय. मी घेतला आणि ठेवून दिला. फेकून दिला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?"

म्हातारी डब्यातल्या मुंग्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "कोन म्हनालं पेढाच पायजेल म्हनून? आमच्या येळंला कुठं व्हतं पेढं? लेकराच्या नावानं काय बी खाल्लं म्हंजी झालं." तिनं आपलं गाठोडं सोडलं, बाजरीच्या भाकरीचा चतकोर मोडला, त्यावर लसणाची चटणी ठेवली आणि माझ्या हातावर दिला. "हे चालतंय का तुज्या डाक्तरला?"

मी म्हटलं, चालतंय.

"मग खा. आमच्या नातवाच्या नावानं खा. समद्यांच्या म्होरं खा."

मी उभ्यानं खाल्ला. चटणी इतकी झणझणीत होती की डोळ्यांतून पाणी आलं, त्यात बाकीचंही वाहून गेलं. म्हातारीनं डबा उचलला, मागच्या दारी जाऊन गायीपुढे रिकामा केला आणि घासून आणून दिला. नंतर मुलगा होवो नाहीतर मुलगी, पुड्यातले पेढे-बर्फी वाटत माणसं माझ्या कॉटशी आली की पिशवीतून मूठभर फुटाणे काढायची. बाळंतीण घरी जाताना दुसरीला सांगून जायची, त्या कोपऱ्यातलीला फुटाणे. दवाखान्यासमोरच्या गाडीवाल्याला कारण कळलं नाही, पण त्यानं फुटाण्याच्या पुड्या आयत्या बांधून ठेवायला सुरुवात केली.

नळी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. कधीकधी निळीसुद्धा. निळी झाली की शेजारणी मला सांगायच्या, मी बघायच्या आधी.

दिवस भरायला तीन आठवडे होते तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता थांबायचं नाही, ऑपरेशन करून काढायचं. शेवटच्या आठवड्यांतच धोका जास्त. ह्यांनी सही केली. आत नेताना मी डॉक्टरांना म्हटलं, "मूल गेलं तरी मला दाखवा. या वेळी मी बघणार." त्या म्हणाल्या, "गप्प पड."

मुलगी झाली. जिवंत. मला शुद्ध आली तेव्हा कॉटला लागून पाळणा होता आणि सिस्टर चमच्यानं तिच्या तोंडात थेंब थेंब सोडत होती. विचारलं तर म्हणाली, साखरेचं पाणी. अशा आयांच्या बाळांची साखर जन्मल्यावर एकदम खाली जाते, एक-दोन दिवस जपावं लागतं. साखरेचा आणि माझा हिशेब समजून घ्यायची ताकद नव्हती तेव्हा. ती गिळत होती, तेवढं मी बघत होते. घशाखाली जातंय, पुन्हा तोंड उघडतेय.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. पाळण्यावर वाकून त्यांनी पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं. बारीक हात, सुरकुतलेले पाय, चेहरा केवढासा.

"एवढीशीच?" म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. टाके ओढत होते तरी मी कोपरावर उठले. म्हटलं, "एवढीशीच आत्या. पैलवान दोन झाले, बास झाले."

आत्या वळल्या. नळावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले, एकमेकांवर चोळले, आणि दुपट्यात हात घालून पोरीच्या पोटावर ठेवला. मग तसाच ठेवून उभ्या राहिल्या. सिस्टर ट्रे घेऊन आली, "आजी, जरा सरका," म्हणाली, तरी हात काढेनात.

"त्या दोघांस्नी आंगूळ म्या घातली व्हती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ऊन पानी घेतलं व्हतं. लई येळ चोळलं. म्हनलं, कुटंतरी ऊब लागंल. पर न्हाई लागली."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा मोरीत त्या एकट्या होत्या, एकदा घरच्या, एकदा दवाखान्याच्या.

मी त्यांचा दुसरा हात धरला. तो अजून ओलसरच होता.

"ही ऊन हाय गं," आत्या म्हणाल्या, आणि पोरीच्या पोटावरचा हात न काढता सगळ्या वॉर्डासमोर रडायला लागल्या.